उन्हाळी रानफुलोरा (पुणे परिसर)

फेब्रुवारी ते मे या काळात पुण्याच्या टेकड्या आणि लगतचा सह्याद्री चढताना दिसणारा झाडाझुडपांचा बहर. रानफुले म्हटली की पुणेकराला कास पठार आठवते, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. उन्हाळ्यात डोंगर नुसते करपलेले असतात, असा सार्वत्रिक समज आहे. गवतापुरता तो बरोबर आहे. पण पावसाळ्यात फुले पायाशी असतात आणि उन्हाळ्यात डोक्यावर. मान खाली घालून चढणाऱ्याला ती दिसत नाहीत, एवढेच.

या भागातले रान मुख्यतः पानझडी. पाणी वाचवण्यासाठी झाडे पाने गाळतात आणि त्याच ओक्याबोक्या अवस्थेत फुलतात. पाने आड येत नसल्याने पक्ष्यांना नि कीटकांना फुले लांबून दिसतात. शिवाय यांपैकी अनेकांचे बी पावसाआधी तयार होते, त्यामुळे रुजायला सगळा पावसाळा हाती राहतो. बहावा याला अपवाद आहे. त्याच्या शेंगा पिकेपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडतो.

काटेसावर आणि पांगारा आधी लाल होतात, मग शिमग्याच्या सुमारास पळस पेटतो. पळसाला पाने तीनच, पण बहरात बहुधा तीही नसतात. फांदीवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस असतात. त्यांतून उमलणाऱ्या केशरी फुलाची आतली पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. तिच्या आत परागकोश आणि तळाशी मध. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी त्यासाठी झाडावर नुसता गोंधळ घालतात. चोच आत गेली की पराग डोक्याला लागतात आणि परस्पर पुढच्या फुलावर पोचतात. रंगपंचमीचा रंग पूर्वी याच फुलांचा करत.

सिंहगड पुण्याच्या नैऋत्येस सुमारे ३० किमी असून त्याची उंची १,३०० मीटरांहून अधिक आहे. पायथ्याच्या आतकरवाडीहून चढणारी पायवाट बरीचशी उघडी आहे. उन्हाळ्यात उजाडायच्या आत चढायला लागावे. नऊनंतर फुलांपेक्षा ताकाच्या मडक्याकडेच लक्ष जाते. अशा उघड्या उतारांवर धायटीची झुडपे भेटतात. तिची नळीसारखी, लालभडक, बोटाच्या पेरापेक्षाही लहान फुले आयुर्वेदात आसव-अरिष्टे ही पातळ औषधे आंबवायला वापरतात. करवंदीची पांढरी, सुवासिक फुले आधी येऊन जातात आणि मे महिन्यात जाळीत काळी करवंदे लागतात. अंजनी मात्र दाट, सदाहरित रानातली. भीमाशंकरकडे तिची फांदीच्या फांदी निळ्या-जांभळ्या फुलांनी मढते, आणि या साऱ्या फुलोऱ्यात तिच्या तोडीचे दुसरे काही नाही.

एप्रिल-मे महिन्यांत कुडा, बहावा आणि राज्यफूल ताम्हण यांची पाळी येते. ताम्हण मात्र पुण्यात बहुतेक रस्त्याकडेला लावलेलेच दिसते. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस, असा एक ठोकताळा ऐकू येतो. एप्रिलअखेर फुलणाऱ्या झाडाच्या बाबतीत तो जुळणारच.

या वनस्पतींची पद्धतशीर नोंद जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला.

शहरातल्या टेकड्यांवर फेब्रुवारीत दिसणारा फिकट गुलाबी बहर बव्हंशी गिरिपुष्पाचा असतो. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. वनीकरणासाठी लावले गेले आणि फोफावले. फोटो छान येतात, पण त्याच्या गर्दीत स्थानिक झाडांना जागा उरत नाही. वेताळ टेकडीवर सालई, मोई ही मूळची झाडे अजून टिकून आहेत.

दुसरा धोका वणव्याचा. जाळल्याने पुढचे गवत चांगले येते या समजुतीने, किंवा फेकलेल्या विडी-सिगारेटमुळे, उतारच्या उतार जळतात. मोठे पळस, सावरी त्यातून वाचतात. होरपळतात ती झुडपे आणि नुकती धरलेली रोपे. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.