गाजर राहू द्या, मिठाचं बघा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बाहुली मोठी व्हायची वाट बघत बसलं, की अर्धा-पाऊण तास दुसरं काही करता येत नाही. पेपर वाचता येत नाही, मोबाइल दिसत नाही. मग उरतात शेजाऱ्याशी गप्पा. मागच्या खेपेला माझ्या बाजूच्या काकांनी सांगितलं, की ते रोज सकाळी गाजराचा रस घेतात. पलीकडच्या मावशींचा भरवसा आवळ्यावर. दोघांनाही दहा-बारा वर्षांचा मधुमेह, आणि समजूतही एकच: डोळ्यांसाठी म्हणून काहीतरी वेगळं खायचं असतं.

गाजराचं आधी उरकून टाकू. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण मधुमेहात डोळ्याचं बिघडतं ते वेगळंच. आतल्या खोलीत डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो काढतात, तो एकदा मागून घेऊन नीट बघा. नारिंगी-तांबडं वर्तुळ, एका बाजूला फिकट पिवळी चकती आणि तिच्यातून फाटे फुटत गेलेल्या रक्तवाहिन्या. मधुमेह मुरला की त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसू लागतात. बारीक केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतीला फुगे येतात, ते हे ठिपके. भिंत झिरपायला लागली की रक्तातली चरबी बाहेर साठते आणि मेण सांडल्यासारखे पिवळसर डाग पडतात. पुढे एखाद्या भागाचा रक्तपुरवठाच तुटला, तर तिथे नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या कच्च्या असतात की डोळ्यात रक्तस्राव होतो. थोडक्यात, हे दुखणं रक्तवाहिन्यांचं आहे. आणि दुखणं म्हणायचं तेवढंच. प्रत्यक्षात काही दुखत नाही. पडद्याच्या मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत माणूस आरामात पेपर वाचत असतो.

वाहिन्या कशाने बिघडतात? साखरेने, हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मधुमेह कळला की घरात पहिली गदा येते भातावर. पण नुसत्या भातानेच काही जणांच्या पडद्यावरचे डाग गेल्याची एक विचित्र गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आहे.

वॉल्टर केम्पनर हे जर्मन डॉक्टर. नाझी राजवटीमुळे देश सोडून ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आले. तीव्र रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना त्यांनी 1939 पासून एक आहार द्यायला सुरुवात केली: पांढरा भात, फळं, फळांचा रस आणि चक्क साखर. तेल-तूप जवळजवळ नाही, प्रथिनं दिवसाला जेमतेम 20 ग्रॅम, वरून मीठ अजिबात नाही. 1942 मध्ये एका तरुण बाईला त्यांनी दोन आठवडे हे खायला सांगितलं. डॉक्टरांच्या जर्मन उच्चारांमुळे तिने ऐकलं ‘दोन महिने’. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा रक्तदाब उतरला होता आणि डोळ्याच्या पडद्यावरचा रक्तस्राव विरला होता. त्या बाईला मधुमेह नव्हता, पण पुढे 1958 मध्ये केम्पनर यांनी मधुमेहींवरचे निष्कर्षही छापले. त्यांतल्याही काहींचे पडदे सुधारले होते.

हे वाचून उद्यापासून साखरभात सुरू करू नका. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रोग्यांवर पहारा कडक होता; कोणी चोरून मीठ खाल्लं का, हे लघवी तपासून पाहत. शिवाय खाणं इतकं बेचव, की वजनं उतरत होती. पण एक गोष्ट त्यातून दिसते. मीठ, रक्तदाब, चरबी आणि वजन हे सगळं एकदम खाली आलं, तर भात आणि साखर खाऊनही पडदा सुधारू शकतो. म्हणजे डोळ्याचा हिशेब एकट्या साखरेचा नाही.

पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने तेच नीट मोजून दाखवलं. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या 1,148 लोकांपैकी ज्यांचा रक्तदाब औषधांनी अधिक कसून आटोक्यात ठेवला, त्यांच्यात पडद्याचा बिघाड वाढण्याचा धोका 34 टक्क्यांनी कमी झाला. दृष्टी ढळण्याचा धोका तर 47 टक्क्यांनी. हे निष्कर्ष 1998 चे आहेत, तरी आपल्याकडे मधुमेही माणूस चहातली साखर बंद करतो आणि लोणच्याची बरणी जवळ ओढतो.

आपल्याकडे पान वाढतानाही पहिला मान मिठाचाच. मग लोणचं, पापड, कुरडया, कोकणात सुकं मासळं, संध्याकाळी फरसाण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचाभर. भाजी-आमटीतच तो बहुतेक संपतो.

साखरेकडे दुर्लक्ष करा असं यात काही नाही. ‘टाइप 1’ मधुमेहाच्या 1,441 लोकांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीने 1993 मध्ये दाखवलं, की साखर कसून सांभाळली तर पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटतो. ताटात काय बदलायचं, याचा एक सोपा धडा न्यूयॉर्कमधल्या 2015 च्या छोट्याशा प्रयोगात मिळतो. माणसं फक्त 11, जेवण तेच, पण भाज्या आणि चिकन आधी, पाव आणि संत्र्याचा रस शेवटी. तासाभराने मोजलेली साखर एक तृतीयांशाहून जास्त कमी भरली. आपली पंगत नेमकी उलटी, आधी वरणभात. कोशिंबीर, उसळ, पालेभाजी आधी खाऊन मग भाकरी नि शेवटी थोडा भात, एवढं कोणालाही जमेल. उपासाच्या साबुदाण्याला मात्र हा उपायही पुरा पडायचा नाही, तो निव्वळ पिष्ट. आणि गुळाला साखरेपेक्षा साळसूद मानायचं काही कारण नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी बरी बातमी आहे. स्पेनमधल्या एका मोठ्या पाहणीत लांब साखळीचं ओमेगा-3, म्हणजे माशांमधली एक चरबी, दिवसाला किमान 500 मिलिग्रॅम खाणाऱ्या मधुमेहींमध्ये दृष्टीला धोका देणारा पडद्याचा आजार जवळजवळ निम्मा आढळला. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली म्हणजे साधारण तेवढं. जवसाच्या चटणीतलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं, शरीर त्यातलं थोडंच या जातीत बदलतं. चटणी चांगलीच, पण ती बांगड्याची बरोबरी करत नाही.

एक सावधगिरी मात्र ठळक सांगायला हवी, कारण हल्ली कडक डाएटची हौस फार. वर्षानुवर्षं चढलेली साखर एकदम खाली आणली, तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. त्या 1993 च्या चाचणीतही पहिल्या वर्षात काहींचं असं झालं होतं, नंतर फायदा मिळाला. वजन आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबाबतही हाच इशारा आहे. म्हणून भात सोडण्याआधी, उपास धरण्याआधी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा.

काकांचं नाव पुकारलं तेव्हा ते खिसे चाचपत होते. दोन चष्मे निघाले, दोन्ही गेल्या तीन महिन्यांतले, दोन्हींतून अंधुक. काकांनी गोड सोडलं होतं, औषधही बदललं होतं. साखर वरखाली झाली की डोळ्याच्या भिंगातलं पाणी बदलतं, भिंगाचा आकार बदलतो आणि त्यासोबत नंबर हलतो. साखर स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी तो जागेवर येतो. तोवर चष्मा करायला टाकू नये, एवढं त्यांना दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.