कुरणातला वुडचक कुठे गेला?

पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क राज्यांच्या ग्रामीण भागातले जुने शिकारी एक तक्रार हमखास करतात. पूर्वी कुरणाकुरणात दिसणारा वुडचक आता शोधावा लागतो. दोष कुणाचा यावर मात्र एकमत नाही. कुणी कायोटीकडे, म्हणजे लांडग्याच्या कुळातल्या छोट्या शिकारी प्राण्याकडे, बोट दाखवतं, कुणी पिढ्यानपिढ्या चाललेल्या बेसुमार गोळीबाराकडे. दोन्हींत तथ्य आहे, पण जमिनीचा इतिहास बाजूला ठेवला तर दोन्ही कारणं लंगडी पडतात.

वुडचक म्हणजेच ग्राउंडहॉग. खारीच्या कुळातला, दोन ते सहा किलो वजनाचा, तपकिरी आणि गुबगुबीत प्राणी. पँगाँग तलावाच्या वाटेवर आपले पर्यटक ज्यांच्यासोबत फोटो काढतात ते लडाखचे मार्मोट याचे जवळचे नातलग. मार्मोटांच्या बऱ्याचशा जाती उंच डोंगरात गटानं राहतात. वुडचक एकटा राहतो, तोही सखल भागात, शेताच्या कडेला. त्याच्या बिळाचं मुख्य तोंड लांबूनही ओळखू येतं, कारण बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग असतो आणि त्यावर मागच्या पायांवर उभा राहून तो टेहळणी करतो. शिवाय एखाद-दुसरं तोंड गवतात दडलेलं असतं. ते आतून वर उकरत आणलेलं असल्यानं बाहेर माती दिसत नाही. धोका जाणवला की तीक्ष्ण शिट्टी घालायची आणि जवळच्या भोकात गडप व्हायचं, ही त्याची रीत. शरद ऋतूच्या अखेरीस तो आत जाऊन हिवाळाभर झोपतो. तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला दहाच्याही खाली येतात. मादी वर्षातून एकदाच विते, पिल्लं साधारण चार.

युरोपीय लोक येण्याआधी या पट्ट्यात बहुतेक जंगलच होतं. वुडचक तेव्हाही होते, पण जंगलाच्या कडेला आणि मोकळ्या तुकड्यांत. त्यांची चांदी झाली ती कुऱ्हाडीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागातली निम्म्याहून जास्त जमीन उघडी झाली होती. मेंढ्यांची आणि गाईंची कुरणं, क्लोव्हरचं गवत, आणि शेतातून निघालेल्या दगडांचे आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे बांध. खायला कोवळा पाला आणि बिळाला दगडांचा आडोसा, दोन्ही हाताशी. ज्याला शेतकरी निसर्गाचा उपद्रव म्हणत होता, त्याला त्यानं स्वतःच पाट-पाणी मांडून बसवलं होतं.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डजवळ वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि त्यानं सुमारे अडीच एकर जमिनीत घेवडा लावला. वुडचकांनी त्यातला पाव एकर साफ केला. शाकाहाराकडे कल असलेल्या या माणसानं अखेर एक वुडचक मारून खाल्लासुद्धा, आणि तसं प्रांजळपणे लिहून ठेवलं.

थोरोनं एक मारला. न्यू हॅम्पशायरनं १८८३ मध्ये सगळ्यांवरच इनाम लावलं: दर वुडचकमागे १० सेंट, मात्र रविवारी मारलेल्याचे पैसे मिळणार नाहीत. त्याआधी विधिमंडळाच्या खास समितीनं दिलेला अहवाल सरकारी कागदांत दुर्मीळच म्हणावा असा खुसखुशीत आहे. या प्राण्यात रस वाटावा असा एकही गुण नाही, असं समिती ठणकावून सांगते. तो खारीसारखं तोंड पुसतो आणि मांजरासारखं अंग चाटतो हे ती मान्य करते, पण असल्या वरवरच्या सभ्यपणाला भुलण्याइतके आम्ही भोळे नाही, असंही लगेच बजावते. विनोद सोडला तरी अर्थ स्पष्ट होता. इनाम लावावं लागलं म्हणजे प्राणी उदंड होता.

त्याच दशकात पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात वेगळंच काही सुरू झालं. मेणबत्त्यांच्या सणाला, २ फेब्रुवारीला, प्राण्याची सावली पाहून हिवाळा किती उरला ते ठरवायचं, ही जर्मन स्थलांतरितांची जुनी समजूत. जर्मनीत हा मान बिज्जूचा होता, इथे तो ग्राउंडहॉगला मिळाला. १८८७ मध्ये मंडळी पहिल्यांदा गॉब्लर्स नॉब या टेकडीवर गेली. आज ज्या फिलला, म्हणजे पंक्सटॉनीच्या मानाच्या ग्राउंडहॉगला, रेशमी टोप्या घातलेले लोक हातांवर उचलून धरतात, त्याच्या मूळ चाहत्यांना त्याची चवही चांगली ठाऊक होती, हे सहसा सांगितलं जात नाही. तिथे ग्राउंडहॉगची शिकार आणि मागोमाग जेवणावळ असा बेत असे. पुढच्या पायांखालच्या ग्रंथी आधी नीट काढून टाकल्या नाहीत तर मांसाला उग्र वास येतो, हे तिथल्या स्वयंपाकघरांत सगळ्यांना माहीत होतं.

पण वुडचकच्या शिकारीला खरा बहर आला तो विसाव्या शतकात, रायफलीमुळे. जूनच्या सुमारास पहिली गवतकापणी झाली की कुरण उघडं पडतं आणि मातीच्या ढिगावर उभा असलेला प्राणी लांबून दिसतो. हरणाचा हंगाम शरदात, म्हणजे उन्हाळाभर नेम साधायला हेच लक्ष्य. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्ककडच्या हौशी मंडळींनी यासाठी दुर्बीण लावलेल्या जड रायफली आणि घरी भरलेली काडतुसं यांचा छंदच जोपासला. कंपन्याही मागे नव्हत्या. विंचेस्टरनं १९३० मध्ये २२ हॉर्नेट हे काडतूस बाजारात आणलं आणि १९३५ मध्ये २२० स्विफ्ट, ज्याची गोळी सेकंदाला ४,००० फुटांहून अधिक वेगानं सुटते. या वेगामागे फुशारकी होतीच, पण व्यवहारही होता. हलकी, वेगवान गोळी जमिनीला लागताच फुटते, उसळून शेजारच्या गोठ्याकडे जात नाही. रेमिंग्टनचं २२२ हे काडतूस १९५० मध्ये आलं. त्याचंच लांबवलेलं रूप म्हणजे २२३, आणि अमेरिकन सैनिकांच्या एम-१६ रायफलीचं काडतूस त्याच घराण्यातलं. कुरणातल्या नेमबाजीसाठी घडलेली चीज अशी व्हिएतनामपर्यंत पोहोचली.

शेतकरी या शिकाऱ्यांना आनंदानं शेतात येऊ देत. बिळात गाईचा पाय मुरगळतो, ट्रॅक्टरचं चाक रुततं, घेवडा-सोयाबीन कडेनं फस्त होतं. काही जण बिळात धुराची नळकांडी पेटवून तोंड बुजवत, ती पद्धत अजूनही चालू आहे. बहुतेक राज्यांनी या प्राण्याला ना मर्यादा लावली, ना बंद हंगाम. मग एवढ्या माऱ्यानं तो संपला का नाही?

याचं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्याच एका लष्करी आवारात मिळालं. डेव्हिड ई. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लेटरकेनी लष्करी डेपोच्या विस्तीर्ण कुरणांत वुडचकांना खुणा करून त्यांचा माग ठेवला आणि काही भागांतून ते मुद्दाम काढून टाकले. १९६४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जागा रिकामी झाली की आजूबाजूचे प्राणी तिथे येऊन ठाण मांडत. वुडचकची पिल्लं पहिल्याच उन्हाळ्यात आईपासून दूर होऊन स्वतःचं बीळ शोधत हिंडतात, त्यामुळे आयतं बीळ फार दिवस मोकळं राहत नाही.

यातली अट महत्त्वाची आहे: आजूबाजूला प्राणी हवेत. लेटरकेनीत ते होते, कारण कुरणाला लागून कुरण होतं. ईशान्येकडच्या बऱ्याच भागात तशी सलगता उरलेली नाही. मध्य-पश्चिमेची सुपीक जमीन आणि रेल्वे आल्यावर न्यू इंग्लंडची शेतं ओस पडू लागली होती. पुढे छोटे दुग्धव्यवसायही बंद पडत गेले. सोडलेल्या कुरणात आधी झुडपं, मग पाइन, मग पानझडी जंगल उभं राहिलं. आज त्या जंगलात चालताना मध्येच दगडी बांध लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती झाडं. जिथे शेती टिकली तिथे मोठ्या यंत्रांसाठी बांध आणि झुडुपांच्या रांगा काढून शेतं सलग केली गेली. त्यातच लांडगा संपवल्यावर मोकळ्या झालेल्या मुलखात कायोटी पश्चिमेकडून शिरला आणि विसावं शतक संपेपर्यंत पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला.

शिकारी आणि कायोटी यांचं वजन माझ्या मते इथे बदलतं. सलग कुरणांच्या काळात मारलेल्या वुडचकची जागा शेजारचा भरून काढत होता. जंगलानं वेढलेल्या एकाकी कुरणात उन्हाळ्याभरात पाच-सहा प्राणी टिपले, उरलेले कायोटीनं नेले, तर ते कुरण वर्षानुवर्षं रिकामं राहू शकतं. बंदूक तीच, परिणाम वेगळा. त्याची झळ इतरांनाही बसते, कारण कोल्हे, स्कंक, ससे, ओपॉसम हे सगळे वुडचकच्या जुन्या बिळांचे भाडेकरू.

जात म्हणून मात्र वुडचकला धोका नाही. तो अलास्कापर्यंत पसरलेला आहे आणि आंतरराष्ट्रीय यादीत 'कमी चिंतेच्या' गटात मोडतो. विस्कॉन्सिनमध्ये तर तो कायद्यानं संरक्षित होता. २०१७ मध्ये तिथे कायदा बदलून शिकारीचा हंगाम आणला गेला.

शेतातून हटला तरी तो शहराच्या कडेनं बस्तान बसवून आहे: महामार्गाच्या उतारावर, विद्यापीठांच्या आवारात, घरामागच्या बागेत. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तो मुख्यतः भाजीच्या वाफ्यांतला चोर म्हणून भेटतो. तिथे वस्तीत गोळी झाडता येत नाही. पिंजऱ्यात धरून लांब सोडायचं म्हटलं तरी अनेक राज्यांत रेबीजच्या भीतीनं निर्बंध आहेत, कारण अमेरिकेत कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी रेबीज सर्वाधिक आढळतो तो यांच्यातच. उरतो तो जाळीचा उपाय. ती किमान फूटभर जमिनीत पुरावी लागते आणि वरचा भाग सैल ठेवावा लागतो, कारण हा गुबगुबीत प्राणी चढतोही बऱ्यापैकी.