सुपातलं सूप आणि वाटीतलं सूप

परवा पेपरात हेडिंग होतं, 'अधिवेशनाचं सूप वाजलं', आणि सातवीतला भाचा मला विचारतो, मामा सूप वाजतं कसं, पितात ना ते? त्याची चूक नाही म्हणा. नाशिकच्या कॉलेजरोडला राहणाऱ्या पोराने सूप बघितलंय ते वाटीत, मंचाव नाहीतर टोमॅटो. मग आईने माळ्यावरून बांबूचं सूप काढलं, मूठभर तांदूळ पाखडून दाखवले आणि शेवटी ते उलटं धरून काठीने बडवलंसुद्धा, कारण लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री असंच सूप बडवून अलक्ष्मीला घराबाहेर काढायची रीत होती. अलक्ष्मी किती घाबरायची माहीत नाही, शेजारी मात्र नक्की उठत असणार.

त्याच संध्याकाळी योगायोगाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की इंग्रजांचं सूप हे मुळात आपल्या संस्कृतमधल्या सूप शब्दावरून गेलं, शेअर करा, गर्व बाळगा वगैरे. आता संस्कृतमध्ये सूप म्हणजे वरण हे खरंय, सूपकार म्हणजे आचारी. पण इंग्रजांनी त्यांचं सूप घेतलं शेजारच्या फ्रेंचांकडून, आणि दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे एक दुसऱ्याचा बाप होत नाही, मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात.

आणि गंमत म्हणजे आपलं पाखडायचं सूप या दोघांपैकी कुणाचंच नाही. ते आलं संस्कृत 'शूर्प' वरून. अथर्ववेदात शूर्पाला 'वर्षवृद्ध' म्हटलंय, म्हणजे पावसावर वाढलेलं, जे बांबू-बोरूच्या वस्तूला एकदम फिट्ट बसतं. आयुर्वेदात शूर्प हे मापसुद्धा आहे, द्रोण नावाची दोन मापं मिळून एक शूर्प. गणपती शूर्पकर्ण, सुपासारख्या कानांचा. आणि आपल्या पंचवटीत जिचं नाक कापलं ती शूर्पणखा, सुपाएवढी नखं असलेली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. शूर्पचं सूप झालं कसं? लोक म्हणतात अपभ्रंश झाला, गावंढळ लोकांनी उच्चार बिघडवले. अजिबात नाही, हे बिघडणं इतकं शिस्तीत आहे की त्याला नियमच म्हणतात. तोंडाने करून बघा. 'र्प' म्हणताना जिभेचं टोक वर जाऊन थरथरतं आणि लगेच ओठ मिटतात, दोन वेगवेगळे अवयव, घाईत दोन कामं. बोलणारा काय करतो, जिभेचं काम वगळतो, पण त्याला लागणारा वेळ वाया घालवत नाही, तेवढा वेळ ओठच मिटून ठेवतो. झालं, र्प चा प्प. शिवाय प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या मधल्या लोकभाषांत, जोडाक्षराच्या आधी दीर्घ स्वर सहसा टिकत नाही, म्हणून शू चा ऱ्हस्व सु, आणि श चा स तर झालाच. शूर्प, सुप्प. पुढे मराठी होताना उलटा व्यवहार, प्प मधला एक प गेला आणि त्याची उरलेली मात्रा आधीच्या स्वराला मिळाली, सु चा सू. म्हणजे शूर्पमधला ऊ आणि सूपमधला ऊ सारखा दिसतो पण तो तोच नाही, एक उधारीत गेला, दुसरा वसुलीत आला! सर्प-सप्प-साप, कर्पूर-कप्पूर-कापूर, सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, सगळीकडे हाच हिशोब.

आणि वरणवाल्या सूपाचं काय? दोन स्वरांच्या मध्ये एकटा प सापडला तर तो टिकत नाही, त्याचा व होतो. दीप-दिवा, दीपावली-दिवाळी, कपाट-कवाड, ताप-ताव. म्हणजे ते सूप लोकांच्या तोंडून आलं असतं तर आज आपण 'सूव' वगैरे काहीतरी म्हणत असतो. आपल्या सुपात प शाबूत आहे, याचा अर्थ मागे कधीतरी तिथे डबल प होता. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर चहा घेऊन या, मी थांबतो.)

पण ही मधली डबल प वाली पायरी कुणी ऐकली का, की कागदावरचंच गणित? इथे आपली लेणी कामाला येतात. पांडवलेणी म्हणतो आपण, पांडवांचा काही संबंध नाही, बौद्ध भिक्खूंची त्रिरश्मी लेणी ती. तिथल्या 10 नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा साधारण 1900 वर्षांपूर्वीचा लेख आहे, त्याने कुठे कुठे धर्मशाळा बांधल्या त्याची यादी, भरुकच्छ (आजचं भरूच), दशपूर (आजचं मंदसौर), गोवर्धन (आपल्या गंगापूर रोडवरचंच) आणि 'शोर्पारग'. हे शोर्पारग म्हणजे शूर्पारक, आजचं नालासोपारा. त्याच सुमाराला समुद्रमार्गाने येणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात हेच बंदर आहे 'सुप्पर' म्हणून, चक्क दोन प! पालीतही सुप्पारकच. लेखवाल्याने संस्कृत थाटात रफार सांभाळला, खलाशाला व्याकरणाचं काय पडलंय, त्याने बंदरावर जे कानावर पडलं ते उतरवलं. सोपाऱ्याच्या नावाचा सुपाशी अर्थाने संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, पण दोघांतल्या र्प ची वाट एकच.

मग नाशिक? शूर्पणखेच्या नासिकेवरून, ही गोष्ट प्रत्येक रिक्षावाला सांगतो. गोष्ट म्हणून छान आहे. पण नावाचं जुनं रूप 'नासिक्य' असंही मिळतं आणि ते आपल्या नियमात बसतं, माणिक्य-माणिक तसं नासिक्य-नासिक, क्य चा आधी क्क झाला आणि त्या डबल क मुळे क वाचला. एकटा क असता तर कुंभकारचा कुंभार झाला तसा गळून गेला असता. आणि तोंडावरचं नाक तर नासिकेवरून आलेलंच नाही, ते प्राकृत 'णक्क' वरून.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग 'सुपडा साफ' मधलं सुपडं? ते आपलंच रे, सुपाचं सुपडं, गुजरातीतही सुपडंच म्हणतात.