टाइपरायटरपासून घरच्या कॉम्प्युटरपर्यंत: कीलॉगरचा माग

"अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करतो, मग परत चालू करू." जळगाव असो, धुळे असो की शहादा, घरी नवा कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोराच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नाही असे लोक थोडेच. २००१-०२ च्या सुमारास एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला. नोकरीच्या अर्जाला त्याचं सर्टिफिकेट लागू लागलं आणि कापसाचे, केळीचे पैसे हातात आले की असेंबल केलेला पीसी घरात येऊ लागला. विंडोज कुणाच्या तरी सीडीवरची, ऑफिस क्रॅक केलेलं (म्हणजे फुकटात चालावं म्हणून कुलूप तोडलेलं), मराठी फाँटही तसेच आणलेले. क्रॅक चालावा म्हणून राखणदारालाच घराबाहेर बसवायचं आणि मग दाराला कडी घालायची, असा तो प्रकार. कीलॉगर, म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण गुपचूप टिपणारी करामत, आणि हेरगिरी करणारे तसलेच प्रोग्रॅम आपल्या घरांत कसे शिरले, याचं निम्मं उत्तर त्या पाच मिनिटांत आहे. उरलेलं निम्मं बरंच जुनं आहे आणि ते मॉस्कोत सापडतं.

१९८४ साली अमेरिकेला शंका आली की मॉस्कोतल्या आपल्या वकिलातीतलं काहीतरी बाहेर फुटतंय. त्यांनी तिथली सुमारे ११ टन यंत्रसामग्री गुपचूप बदलली आणि जुनी मायदेशी नेऊन एकेका यंत्राचे एक्स-रे काढले. टाइपरायटरमधली एक धातूची पट्टी पोकळ निघाली. हे टाइपरायटर आयबीएमचे सिलेक्ट्रिक होते. त्यात आपल्या तालुका कचेरीबाहेरच्या टंकलेखकाच्या यंत्रासारख्या अक्षरांच्या काड्या नव्हत्या, फिरणारा एक गोळा होता. कुठल्या अक्षराला गोळा किती वळतो, किती कलतो हे ठरलेलं. पट्टीत लपवलेलं यंत्र चुंबकीय बदलांवरून ती हालचाल टिपायचं आणि रेडिओ लहरींनी बाहेर धाडायचं. असे १६ टाइपरायटर सापडले आणि सोव्हिएत हेरांचा हा खेळ १९७६ पासून चालू होता. वकिलातीतले गुप्त संदेश पाठवताना सांकेतिक होत असत, पण टाइप तर साध्या भाषेतच व्हायचे. कीलॉगरची सगळी हुशारी एवढीच आहे: तिजोरी फोडायची नाही, माल तिजोरीत जाण्याआधीच पाहून घ्यायचा.

कॉम्प्युटरवर हेच काम निव्वळ प्रोग्रॅमने करता येतं, हे १९८३ मध्ये पेरी किव्होलोविट्झ यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने दाखवलं. पुढे पोलिसांनीही ती युक्ती उचलली. १९९९ मध्ये न्यू जर्सीत निकोडेमो स्कार्फो या संशयिताची एक फाईल एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेला उघडेना, कारण ती पीजीपी या सांकेतिक कुलूप घालणाऱ्या प्रोग्रॅमने बंद होती. त्यांनी न्यायालयाची परवानगी घेऊन त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कीलॉगर बसवला आणि पासवर्ड मिळवला. तो निघाला त्याच्या वडिलांचा तुरुंगातला कैदी क्रमांक! मुलाची जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांनी त्याला हसू नये.

२००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणाने गुन्हा कबूल केला. झेरॉक्स काढून देणाऱ्या आणि तासावर कॉम्प्युटर वापरू देणाऱ्या डझनभर दुकानांत त्याने जवळपास दोन वर्षं कीलॉगर चालवला होता आणि ४५० हून अधिक लोकांची युजरनेम-पासवर्ड गोळा केली होती. तेव्हा आपल्याकडे नेमका सायबर कॅफेचा काळ होता. एसटीडी बूथच्या शेजारी प्लायवूडची खुराडी, लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर, बारावीच्या निकालाच्या दिवशी बाहेर रांग. एकाच यंत्रावर दिवसभरात पन्नास जण पासवर्ड टाकून जायचे. २०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेसाठी नियम केले: ओळखपत्र बघा, नोंदवही वर्षभर जपा, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. यात ग्राहक कोण हे नीट पाहिलं गेलं. ग्राहक ज्या यंत्रापुढे बसतो त्याच्या पोटात काय आहे, ते पाहण्यावर तेवढा भर नव्हता.

'स्पायवेअर' हा शब्द १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या धंद्याची चेष्टा करताना पहिल्यांदा वापरला गेला. हेरगिरी करणारा प्रोग्रॅम हा आजचा अर्थ त्याला २००० च्या आसपास चिकटला, तेव्हा फुकटच्या प्रोग्रॅमसोबत जाहिरातींचे आणि पाळत ठेवणारे तुकडे येऊ लागले होते. त्यांना हुडकणारी अॅड-अवेअर, स्पायबॉट अशी साधनं निघाली. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस एक छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या साधनातूनच पुढे विंडोजसोबतच येणारा राखणदार, विंडोज डिफेंडर, तयार झाला.

आपल्या लोकांचा एक वेगळा घोळ इथे सांगायलाच हवा. रोमन बटणं दाबून मराठी उमटवणारे काही जुने प्रोग्रॅम विंडोजला सांगतात की दाबलेलं प्रत्येक बटण आधी मला दाखव. कीलॉगरही हेच सांगतो. म्हणून डीटीपीवाल्यांच्या यंत्रावर अँटिव्हायरस निरपराध प्रोग्रॅमवरही भुंकतो आणि वैतागून लोक त्याचं तोंडच बांधून टाकतात. गंमत म्हणजे जुन्या फाँटात टाइप केलेली अहिराणी शिवी कीलॉगरच्या नोंदीत इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उतरते. पासवर्ड मात्र इंग्रजीतच असतो, तो जसाच्या तसा जातो.

नेटबँकिंग आलं तशी बँकांनी पडद्यावर माउसने दाबायची बटणं दिली. मग हेरगिरी करणारे प्रोग्रॅम क्लिकच्या क्षणी पडद्याचा फोटो काढू लागले. २००७ मध्ये उघडकीला आलेल्या झ्यूस नावाच्या अशाच प्रोग्रॅमने तर बटणांचा नादच सोडला. तो ब्राउझरमध्ये बसून, भरलेला फॉर्म कुलूपबंद होऊन निघण्याआधीच उचलायचा. म्हणजे पुन्हा मॉस्कोचीच युक्ती. २०११ मध्ये झ्यूसचा सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, फुटला आणि तो कुणालाही वापरता येऊ लागला. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला, त्याचा इथे खरा उपयोग झाला. ही पडताळणी पुढे ओटीपीने होऊ लागली, तेव्हा पासवर्ड चोरीला गेला तरी ओटीपी मोबाईलवरच येत होता.

दरवेळी चोर बाहेरचाच असतो असंही नाही. २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, दाबलेलं प्रत्येक बटण एका उघड्या फाईलीत लिहीत असल्याचं आढळलं. हेतू वाईट नव्हता, माइकच्या बटणासाठी केलेली सोय ढिसाळपणे राहून गेली होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

विंडोज एक्सपीवर पहिलं खातं अॅडमिनिस्ट्रेटरचंच, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, तयार व्हायचं, त्यामुळे पोराने गेमसाठी काही टाकलं की ते थेट यंत्राच्या मुळाशी पोचायचं. पुढच्या व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज मधे थांबून विचारू लागली. आपण वाचतो कुठे, 'हो' दाबून मोकळे होतो. रोजच्या कामासाठी साधं खातं आणि अॅडमिनचा पासवर्ड घरातल्या एकाकडेच, ही फुकटातली तजवीज खान्देशात अजून फार थोड्या घरांत दिसते. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे असे जुने पीसी आणखीच उघडे पडलेत. कॉम्प्युटरच्या मागे कीबोर्डची वायर आणि सॉकेट यांच्यामध्ये बोटाएवढा अनोळखी तुकडा दिसला तर तोही कीलॉगर असू शकतो, आणि तो मात्र कुठल्याही अँटिव्हायरसला सापडणार नाही, वाकून डोळ्यांनीच बघावा लागतो.

ओटीपीने वाट अडवली तशी चोरांची नजर मोबाईलवर गेली. लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते, नावापुढे 'एपीके' असतं, म्हणजे ती पत्रिका नसून मोबाईलवर अॅप बसवणारी फाईल असते, आणि उघडली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते.