व्होल्ट, अँपिअर आणि मुंबईची लोकल

व्होल्टला (विजेचा दाब) अँपिअरने (विजेची धारा) भागलं की ओहम (तारेचा रोध) मिळतात, गुणलं की वॅट (विजेची शक्ती). दहावीपर्यंत शिकलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. मुंबईतला एक जुना वाद मात्र याच भागाकार-गुणाकारावर उभा आहे. तो म्हणजे लोकलला एसी (दिशा सतत बदलणारी) वीज न देता 1,500 व्होल्टची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज देण्याचा निर्णय बरोबर होता का, हा.

भागाकाराचा नियम 1827 मध्ये एका जर्मन शिक्षकाने छापला. पुढची कित्येक वर्षं त्याच्याच देशात त्याला फारसं कोणी विचारलं नाही. तारेत तयार होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे 1841 मध्ये इंग्लंडात प्रयोगाने दाखवलं गेलं. ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही एककं 1881 च्या पॅरिस परिषदेत ठरली, वॅटला मान्यता 1889 मध्ये मिळाली. म्हणजे 1907 च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा वॅट हे एकक अजून वीस वर्षांचंही झालेलं नव्हतं.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी सुटली. 1928 च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली सुरू झालं. दोन्हीकडे 1,500 व्होल्ट डीसी. ‘तेव्हाच एसी घेतली असती तर पुढचा सगळा खर्च वाचला असता’ असं आजही सर्रास ऐकू येतं. हे म्हणणं त्या काळी गाडी ओढणाऱ्या विजेच्या मोटारीवर अन्याय करतं.

लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा जोरात उचल घ्यावी लागते. ही उचल डीसी सिरीज मोटार (जिच्या गुंडाळ्या एकामागे एक जोडलेल्या असतात) देते. थांबलेल्या मोटारीच्या गुंडाळीचा रोध मात्र अगदी थोडा असतो. समजा तो 0.2 ओहम आहे आणि तिच्यावर थेट 750 व्होल्ट सोडले, तर भागाकार सांगतो 3,750 अँपिअर, आणि मोटार जळते. म्हणून सुरुवातीला मोटारी एकामागे एक जोडायच्या, वाटेत मोठे रेझिस्टर (धारा अडवणारे रोधक) घालायचे आणि वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने काढायचे. वेग आला की मोटार स्वतःच उलट दाब निर्माण करते आणि धारा आपोआप खाली येते. त्यामुळे धावत्या मोटारीचे व्होल्ट आणि अँपिअर मोजून भागाकार केला, तर येणारा आकडा गुंडाळीचा रोध नसतो. बल्बमध्येही असाच फरक दिसतो. 230 व्होल्टचा 60 वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना हिशेबाने सुमारे 880 ओहमचा असतो. तोच थंड करून लॅमिंग्टन रोडवरच्या साध्या मल्टिमीटरने मोजा, आकडा शंभराच्याही आत येतो. बल्बात फरक तापमानाचा असतो, मोटारीत उलट दाबाचा. शिकवताना हे दोन्ही वगळलं जातं, याचं वाईट वाटतं.

1920 च्या दशकात 50 हर्ट्झच्या (सेकंदाला 50 आवर्तनं करणाऱ्या) एसीवर अशी भरवशाची मोटार गाडीखाली बसवणं फार अवघड होतं. त्या वेळी डीसी निवडणं बरोबरच होतं. खरी किंमत मोजावी लागली ती तारेत. एखादी गाडी 3,000 किलोवॅट ओढते असं धरा. 1,500 व्होल्टला ती 2,000 अँपिअर घेते, 25,000 व्होल्टला जेमतेम 120. धारा सुमारे 17 पट कमी, आणि तारेचा रोध तोच धरला तर उष्णतेतला तोटा पावणेतीनशे पटींहूनही जास्त घटतो. म्हणून डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन (तारेला वीज पुरवणारं उपकेंद्र) आणि जाड तांब्याची तार लागत होती. डब्यांची संख्या वाढवायची म्हटली की आधी अँपिअर आड येत.

देशाने 1957 मध्ये 25 किलोव्होल्ट एसी स्वीकारली. मुंबईत ती पूर्णपणे यायला पुढची जवळपास साठ वर्षं गेली. पश्चिम मार्गावरचं काम 2012 मध्ये संपलं, मध्य मार्गावरचं 2015 मध्ये आणि हार्बरवरचं 2016 मध्ये. दोष द्यायचाच तर 1925 ला नव्हे, या दिरंगाईला द्यावा. अडचणी खऱ्या होत्या, हेही मान्य. वाहतूक बंद ठेवून काम करणं अशक्य, म्हणून रात्रीचे ब्लॉक घ्यावे लागले आणि दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. डीसी आणि एसी जिथे भेटत तिथे तारेचा एक तुकडा बिनविजेचा ठेवलेला असे, आणि तो ओलांडताना डब्यातले दिवे-पंखे क्षणभर बंद पडत. ब्रिटिशकालीन बुटक्या पुलांखाली तार आणि टप यांत पुरेसं अंतर मिळेना. टपावरून प्रवास करणाऱ्यांसाठी तर नवी तार कितीतरी अधिक घातक, कारण 25,000 व्होल्टला हात लावण्याचीही गरज नसते. जवळ गेलं तरी ठिणगी उडी घेते.

एसी आल्यावर गुणाकाराचा नियमही तसाच राहिला नाही. व्होल्ट आणि अँपिअर एका तालात चढत-उतरत नसतील, तर त्यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. 25,000 व्होल्ट, 150 अँपिअर आणि पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर नुसता गुणाकार 3,750 दाखवतो, गाडीला प्रत्यक्षात मिळतात ते 3,000 किलोवॅट. नव्या थ्री-फेज (तीन फेजच्या एसी मोटारींच्या) गाड्यांमध्ये हा फॅक्टर एकच्या अगदी जवळ राखता येतो. ब्रेक लावताना त्यांच्या मोटारी जनित्रासारख्या चालतात आणि त्यातली वीज तारेत परत जाते.