ग्रहण आणि फाटलेला ओठ

"ग्रहणात विळीवर बसलीस तर पोराचा ओठ फाटेल," असं रत्नागिरी-मालवणकडे पोटुशी सुनेला आजही बजावतात. ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही. वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून येतो. सातव्या महिन्यातलं ग्रहण त्याला काय चिरणार? खरी कारणं आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधं अशी.

जपायचं ते वेगळंच. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम कळतं तेव्हा. म्हणून ती नीट मिटावी यासाठी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची गोळी) दिवस जाण्याआधी निदान महिनाभर सुरू हवं. कुळथाची पिठी, लाल माठ जरूर खा, पण तेवढ्यावर भागत नाही. आधीच्या बाळात या नळीचा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.