लघुउपग्रहांचे दिक्स्थिती-नियंत्रण व विद्यापीठीय सहकार्य

कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहाचे तोंड कोणीकडे आहे हे ओळखणे आणि ते हवे तिकडे वळवून धरणे म्हणजे दिक्स्थिती-नियंत्रण. प्रयोगशाळांत ‘अ‍ॅटिट्यूड कंट्रोल’ हाच शब्द रूढ आहे. येथे केवळ विद्यार्थ्यांनी बांधलेले लघुउपग्रह आणि ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांना त्यात असलेला वाव यांचा विचार केला आहे.

भारतातील पहिला विद्यार्थी-उपग्रह कोणता, याचे उत्तर व्याख्येनुसार बदलते. अण्णा विद्यापीठाने इस्रोच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला सुमारे 40 किग्रॅ. वजनाचा अनुसॅट 20 एप्रिल 2009 रोजी प्रक्षेपित झाला. 12 जुलै 2010 रोजी गेलेला स्टडसॅट एक किलोहून हलका होता. तो कर्नाटक व तत्कालीन आंध्र प्रदेशातील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केला. कालक्रमाने अनुसॅट आधीचा. सहकार्याची परंपरा मात्र स्टडसॅटपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी कक्षेत गेला. त्याच्या दिक्स्थितीसाठी वीज लागत नाही. आतला कायम चुंबक होकायंत्राच्या सुईसारखा भूचुंबकीय क्षेत्राला धरून राहतो, तर मृदू चुंबकीय दांड्या गिरक्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवतात. ध्रुवीय कक्षेत असा उपग्रह एका प्रदक्षिणेत साधारण दोनदा उलटतो. विदर्भावर भूचुंबकीय क्षेत्र क्षितिजाखाली सुमारे 30 अंशांनी झुकलेले असल्याने येथून जाताना त्याचा अक्ष ना उभा असतो ना आडवा. उपग्रहावर अँटेना बसवताना हा कोन धरावाच लागतो.

आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’मध्ये (26 सप्टेंबर 2016) विद्युतप्रवाहाने चुंबक बनून भूचुंबकीय क्षेत्राच्या आधारे उपग्रहाला वळवणारी वेटोळी होती. अशा वेटोळ्याचे वळवण्याचे बल फारच थोडे असते: एक मीटर दांड्याच्या टोकाला एक मिलिग्रॅम वजन टांगावे, इतपत. शिवाय क्षेत्राच्या दिशेभोवती ते उपग्रहाला वळवूच शकत नाही. प्रतिक्रिया-चक्रांना (उपग्रहातली फिरती चाके; ती एकीकडे फिरली की उपग्रह उलट वळतो) ही अडचण नाही, पण ती महाग पडतात. वेटोळे म्हणजे अखेर तांब्याची तार, आणि शेतपंपाच्या मोटारी भरणारा तालुक्यातला कारागीर ती एकसारखी गुंडाळण्यात मुरलेला असतो. या हातांची दखल अभ्यासक्रमात घेतली जायला हवी. उपग्रहावरच्या चुंबकमापकाच्या अंशांकनासाठी, म्हणजे त्याची मोजमापे तपासून जुळवण्यासाठी, पत्र्याच्या शेड, बोअरची मोटार आणि वीजवाहिन्या यांपासून दूर जागा लागते. कापूस वेचून झालेले मोकळे वावर त्यासाठी शहरातल्या प्रयोगशाळेपेक्षा बरे.

‘प्रथम’च्या योजनेत इतर महाविद्यालयांनी भूकेंद्रे उभारून त्याचे संकेत टिपणे अभिप्रेत होते. शेगाव, सेवाग्राम, पुसद यांसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना सुरुवात करण्यास हीच वाट सोयीची. गच्चीवर उभे राहून हातातली यागी अँटेना (एकाच दिशेचे संकेत नीट टिपणारी) उपग्रहाच्या मागोमाग आकाशात फिरवत गेले की बीकनची, म्हणजे उपग्रहाच्या ओळख-संकेताची, टूं-टूं वाढते, विरते, पुन्हा वाढते. आवाज विरण्याच्या दोन क्षणांमधील सेकंद मोजले की उपग्रहाच्या गिरकीचा अदमास येतो. एकाच केंद्रावर आवाज बुडाला तर मध्ये चिंचेचे झाड किंवा इमारतही असू शकते. शेगाव व गडचिरोली ही सुमारे 350 किमी. अंतरावरची ठिकाणे, पण उपग्रहाचे एकच मार्गक्रमण दोन्हीकडून ऐकता येते. घड्याळे जुळवून केलेल्या दोन्ही नोंदींत तोच लयबद्ध चढउतार आढळला, तर तो उपग्रहाच्या फिरण्याचा मानता येतो.